कान दुखण्याची कारणं

दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना कान शिकवायचा आठवडा आला की मी एक दिवस रजा टाकते. विभागात आता हे सगळ्यांना ठाऊक झालंय. "मॅडमचा कान आला," असं म्हणून ते एकमेकांकडे बघतात आणि माझं लेक्चर कुणाच्या तरी गळ्यात मारतात. रजेच्या दिवशी मी विशेष काही करत नाही. कपडे धुते, कपाट आवरते आणि दर अर्ध्या तासाने आरशासमोर आ करून मोबाइलच्या उजेडात स्वतःचे टॉन्सिल बघते. काही नसतं. अर्ध्या तासापूर्वीही नव्हतं.

मी पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी शिकवते. मूळची वर्ध्याकडची. एमडी करायला इथे आले आणि इथलीच झाले. ज्यांनी मला हा विषय शिकवला आणि पुढे शेजारच्या टेबलावर नोकरीला बसवून घेतलं, ते आमचे सर. त्यांचा कान दुखत होता आणि मी त्यांचं तोंड उघडून बघितलं नाही. एवढीच गोष्ट आहे. सरांना जाऊन दोन वर्षं झाली तरी ती त्यांच्या बायकोला, काकूंना, मी सांगितली नव्हती. मयताला गेले, नंतर एकदा भेटायला गेले, चहा प्यायले, आणि दोन्ही वेळा तशीच परत आले. त्यानंतर विश्रांतवाडीकडे जाणारा रस्ताच मी टाळायला लागले.

सरांचं कानाचं लेक्चर ऐकायला वरच्या वर्षांची मुलंसुद्धा येऊन बसायची. फळ्यावर एका दमात कान काढायचे आणि रंगीत खडूंनी त्याची वाटणी करायचे. खालची पाळी आणि मागची बाजू हिरवी, ती मानेतून वर येणाऱ्या नर्व्हची. (नर्व्ह म्हणजे मज्जातंतू, पण तो शब्द आमच्याकडे कुणी उच्चारत नाही.) गालाकडची बाजू लाल, ती मेंदूतून येणाऱ्या पाचव्या नर्व्हची. मधला खळगा थोडासा सातवीचा, बराचसा दहावीचा. पडद्याच्या आतली पोकळी नववीची. मग खडू खाली ठेवून हात झटकायचे. "ऐकण्यासाठी कानाला स्वतःची आठवी आहे. दुखण्यासाठी मात्र सगळ्या शेजाऱ्यांकडून आणलेल्या. पाचवी दातांकडे जाते, नववी टॉन्सिलकडे, दहावी स्वरयंत्राकडे. आग तिकडे लागते आणि धूर इकडे निघतो. तेव्हा पेशंट म्हणाला कान दुखतो आणि तुम्हाला कान अगदी छान दिसला, तर खूश होऊ नका. घाबरा."

मग स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरून दाखवायचे. तिच्यावर लहानपणी टोचल्याची खूण होती, बुजत आलेली. "बाराव्या दिवशी सोनाराने टोचलं. माझी आयुष्यात ओळख झालेली पहिली नर्व्ह हीच. मी रडून तिचं स्वागत केलं." मुलं हसायची. मीही दरवर्षी तेवढ्याच जोरात हसायचे, आणि ते खोटं नसायचं.

सर सरळ वाक्यात कधी बोलायचेच नाहीत. जे काही असेल त्याचा तोंडी परीक्षेचा, व्हायव्हाचा प्रश्न करायचे. पंखा बंद पडला की, "पंखा फिरत नाही, कारणं सांगा." शिपाई उशिरा आला की, "उशीर, तीन कारणं, महत्त्वाचं आधी." जेवणाच्या सुट्टीत आम्ही धाकटे लोक डबा उघडून बसलेले असायचो आणि हे प्रश्न टाकत असायचे. ज्याला उत्तर येणार नाही त्याने चहा सांगायचा. आमची सगळी माया, राग, चौकशी त्याच भाषेत चालायची. माझ्या लग्नाचं ठरत नव्हतं तेव्हाही त्यांनी मला कारणंच विचारली होती, आणि मी पाच दिली होती.

दुसरी सवय म्हणजे माझ्या बोलीची टिंगल. मी पुण्यात कितीही जपून बोलले तरी रागावले की वऱ्हाडी बाहेर पडते. सरांना ते फार आवडायचं. माझ्यासमोर मुद्दाम तसं बोलून बघायचे आणि हमखास चुकायचे.

तर त्या दुपारी सर डबा घेऊन बसले. डब्यात वरणभात होता, कालवून पार मऊ केलेला. काकूंच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीचा डबा हा माणूस तीस वर्षं आणत होता. मी म्हटलं, "काय सर, बाळाचा डबा?" ते हसले. मग उजव्या कानावर तळहात ठेवून, पुन्हा माझीच नक्कल करत म्हणाले, "माहा कान दुखून राह्यला ना बाप्पा. कारणं सांग."

मी सांगितली. आणि कशी सांगितली! बोटं मोजत, उभी राहून, परीक्षकासमोर असल्यासारखी. आधी कानाची स्वतःची: मळ, फोड, पडद्यामागचा पू. मग शेजाऱ्यांची, एकेका नर्व्हवरून. पाचवी: किडलेला दात, अक्कलदाढ, जबड्याचा सांधा. नववी: टॉन्सिलची सूज, टॉन्सिलची गाठ, जिभेच्या मुळाची गाठ. दहावी: स्वरयंत्र. मानेतून येणाऱ्या: मणके. "आणि वय साठच्या पुढे, पूर्वी तंबाखूची सवय, एकाच बाजूचा कान, गिळायला त्रास असेल तर गाठ पहिल्या नंबरवर," हेसुद्धा मी म्हटलं. सरांनी तंबाखू सोडून वीसेक वर्षं झाली होती. सोडायच्या आधी ते किती खायचे हे मला माहीत होतं. ते मऊ भात खात होते हे मी डोळ्यांनी बघत होते. हे सगळं माझ्यासमोर टेबलावर मांडलेलं होतं, आणि मी त्यावर ओळीने बोट ठेवून गेले.

"साडेनऊ," सर म्हणाले.

"अर्धा कशाचा कापला?"

"शोध."

मी हसत हसत कान-नाक-घसा विभागात गेले, तिथून कान बघायचं यंत्र मागून आणलं आणि सरांच्या कानात बघितलं. आरपार स्वच्छ. पडदा मोत्यासारखा, त्यावर उजेडाचा तो छोटा त्रिकोण, जसा पुस्तकात असतो तसा. मी म्हटलं, "सर, इतका सुरेख पडदा मी आजवर बघितला नाही. मुलांना दाखवायला हवा." सर म्हणाले, "हो का?" आणि थोडा वेळ तसेच बसून राहिले, मान वाकडी करून, मी यंत्र बाजूला घेतल्यावरही.

ते थोडा वेळ तसेच बसले होते. हे मला तेव्हा दिसलं होतं. माझ्या हातातल्या यंत्रालाच बॅटरी होती. त्यांचा चेहरा माझ्यापासून वीतभर लांब होता. "सर, आ करा," एवढे तीन शब्द. मी ते दिवसातून दहांना म्हणू शकते, आणि आमच्या सोसायटीतल्या कुणालाही आजवर सोडलेलं नाही. पण आपल्या सरांना कुणी आ करायला सांगत नाही. त्यांच्या नकली दातांची आम्हाला सगळ्यांना माहिती होती आणि आम्ही ती नसल्यासारखं वागायचो. आणि खरं सांगायचं तर मनात लाजसुद्धा आली नाही, इतकं ते डोक्यातच नव्हतं. प्रश्न विचारला गेला होता, उत्तर दिलं गेलं होतं, मार्कही मिळाले होते. आमच्यासाठी तो कान तिथे संपला. संध्याकाळी घरी जाऊन मी पुस्तक उघडलं आणि राहून गेलेलं एक कारण शोधून काढलं, कुठल्याशा दुर्मिळ नागिणीचं. दुसऱ्या दिवशी सरांना ऐटीत सांगितलं. ते म्हणाले, "नाही, ते नाही." मी अजून एक शोधलं. त्यावरही ते नाही म्हणाले. मग परीक्षा आल्या आणि विषय राहिला.

गाठ सापडली ती विश्रांतवाडीतल्या त्यांच्या न्हाव्याला. जबड्याखालून वस्तरा फिरवताना तो थांबला आणि म्हणाला, "साहेब, इथं काय आलंय? दाखवून घ्या." तेव्हा माझ्या त्या साडेनऊ मार्कांना पाच महिने झाले होते. मूळ उजव्या टॉन्सिलमध्ये होतं, तिथून मानेत उतरलेलं. ज्या पोराने तोंडात बॅटरी मारून ते बघितलं तो आमचाच विद्यार्थी. नंतर तो मला जिन्यात भेटला आणि म्हणाला, "मॅम, इट वॉज जस्ट देअर. तोंड उघडलं की समोर." त्याला काय माहीत. मी मान हलवली आणि वर्गावर गेले. त्या दिवशी मी पायाची हाडं शिकवली आणि डावं पाऊल उजवं म्हणून दाखवलं.

सर पुढे वर्षभर होते. शेकाचे, म्हणजे रेडिएशनचे उपचार झाले, नाकातून नळी बसली, आवाज गेला. मी जायचे तेव्हा ते पाटीवर लिहून प्रश्न विचारायचे. कानाचा प्रश्न त्यांनी मला पुन्हा कधीच विचारला नाही. मी प्रत्येक वेळी जिना चढताना ठरवायचे, की आज माफी मागायची. आणि प्रत्येक वेळी ते काहीतरी गमतीचं लिहायचे आणि मी हसून परत यायचे. भित्रेपणा होता तो, दुसरा शब्द नाही.

देहदानाचा फॉर्म त्यांनी फार पूर्वीच भरून ठेवला होता, पण आमच्या कॉलेजचा नाही. "माझ्यावर शिकताना आपल्या पोरांनी चुका केल्या तर मी उठून बसेन," असं म्हणायचे. कुठल्या कॉलेजचा ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, मयताला मी पोचले तोवर त्यांना नेलेलं होतं, आणि मी काकूंना विचारलं नाही. त्यामुळे गेली दोन वर्षं शहरातल्या कुठल्याही विच्छेदनाच्या हॉलमध्ये पाय टाकते तेव्हा मला आधी चादरी दिसतात आणि मग बाकीचं. चेहरा झाकायची पद्धत सगळीकडे आहे. कान मात्र बऱ्याचदा बाहेर राहतो.

गेल्या खेपेला परीक्षक म्हणून वाघोलीच्या पुढे एका कॉलेजात गेले होते. टेबलावर डोक्याची उजवी बाजू विच्छेदन करून ठेवलेली होती. काम सुंदर होतं, मानेतून पाळीकडे जाणारी नर्व्ह दोऱ्यासारखी मोकळी केलेली. पाळीवर बुजलेलं भोक होतं. त्या वयाच्या कितीतरी पुरुषांचे कान टोचलेले असतात, हे मी स्वतःला समजावत होते. समोर एक मुलगी उभी होती, चुणचुणीत. तिने सगळ्या नर्व्ह धडाधड सांगितल्या. मी म्हटलं, "ह्यांचा कान दुखत होता. कारणं सांगा." तिने सांगितली, बोटं मोजत, जवळजवळ माझ्याच क्रमाने.

"मग?" मी विचारलं.

"मग म्हणजे, मॅम?"

"मग काय करशील?"

ती गोंधळली. तिने शेजारच्या परीक्षकाकडे बघितलं. "मॅम, ऑल कॉजेस झाले ना? आणि मॅम, हा तर कॅडॅव्हर आहे."

तिचं बरोबर होतं. मी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले. सरांनी अर्धा कशासाठी कापला होता ते मला तिथे, त्या टेबलापाशी उभं असताना कळलं.

माझं बाकी आयुष्य बाहेरून ठीकच चाललंय. फक्त कान दिसले की सुटत नाहीत. बसमध्ये कुणी कानावर हात ठेवून बसलेलं असलं की मला उतरता येत नाही. एकदा बसस्टॉपवर एका अनोळखी बाईला मी विचारलंच, "कान दुखतोय का तुमचा?" तिने हाताखालचा मोबाइल दाखवला आणि म्हणाली, "फोनवर आहे मी. तुम्हाला काय करायचंय?" घरी नवरा म्हणतो, तू आता जेवताना माझ्याकडे बघतेस ते तोंडात काय आहे ते बघायला. खरं आहे ते. आणि रात्रंदिवस माझा स्वतःचा उजवा कान दुखतो. खोल, आत, नववीच्या हद्दीत. तिघांनी तपासला, काहीही नाही. कारण मला माहीत आहे. ते कुठल्याच नर्व्हवरून येत नाही.

दिवाळीनंतर काकूंचा फोन आला. "ह्यांची पुस्तकं पडून आहेत. घेऊन जा गं, मला वाळवी लागायची भीती वाटते." नाही म्हणायला कारण सापडेना. त्या रविवारी सकाळी मी विश्रांतवाडीला गेले.

काकू टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या, बोलायला कोरड्या. "आलीस? वाट विसरलीस असं वाटलं," म्हणाल्या आणि आत जाऊन मेथीची जुडी घेऊन आल्या. पुस्तकं खोक्यात भरून ठेवलेली होती. मी खोक्यापाशी न जाता त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. वरणभात, साडेनऊ मार्क, कानाचा सुरेख पडदा, हातातली बॅटरी. सांगताना मी रडले नाही, फक्त माझी वऱ्हाडी सुटली. काकू मेथी निवडत राहिल्या.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"त्याच दिवशी सांगितलं ह्यांनी घरी आल्यावर. म्हणाले, पोरीने सगळं बरोबर सांगितलं, गाठ होऊ शकते हेसुद्धा. मी म्हटलं, मग बघितलं का तिने? तर नाही म्हणाले. मी म्हटलं, बसा इथे, आ करा, मी बघते. मला काय कळणार त्यातलं, पण वाटाण्याएवढं काही असलं तर दिसेल ना? तर चिडले. ताट सोडून उठले."

"मग?"

"मग आठवडाभराने परत म्हटलं. तेव्हा म्हणाले, ती म्हणाली तर उघडेन."

मी कोण ती असं विचारलं नाही. काकूंनी एक काडी बाजूला टाकली.

"घाबरले होते गं. स्वतः डॉक्टर, दुसऱ्या डॉक्टरकडे जायला तयार नाहीत. तुझ्याकडून झालं तर चाललं असतं त्यांना, हसत-खेळत झालं असतं. मला कळलं होतं ते. मी फोन घेतला होता हातात. तुझा नंबर लावला होता." त्यांनी पुढची काडी उचलली. "मग ठेवला. म्हटलं, त्यांच्या कॉलेजात मी कशाला लुडबुड करू, ह्यांना आवडायचं नाही. असं पाच महिने म्हटलं मी. पुस्तकं काय, रद्दीवालासुद्धा नेतो. तुला हे सांगायचं होतं म्हणून बोलावलं."

दोन वर्षं मी ह्या बाईपासून लपत होते, आणि ती तिथे बसून माझी वाट बघत होती, माझ्यासारखाच अपराध मनात घेऊन.

काकूंनी मेथी खाली ठेवली. हात पदराला पुसले. मग माझ्याकडे बघून विचारलं, "मी फोन केला असता तर तू आली असतीस ना?"

आले असते. रिक्षा करून, अर्ध्या तासात. बॅटरी घेऊन, आणि दारातच म्हटलं असतं, सर, आ करा. काकूंचा फोन म्हणजे मला परवानगी मिळाली असती, आणि परवानगी मिळाल्यावर मी कुणाला ऐकत नाही.

"आले असते, काकू," मी म्हटलं. "पण त्यांना आ करा म्हणायची माझी हिंमत झाली नसती. परत कानातच बघून गेले असते."

त्यांनी बराच वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मी नजर हलू दिली नाही.

"हो," काकू शेवटी म्हणाल्या. "तुला नसतंच जमलं." त्यांचे खांदे खाली आले, आणि त्या पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिले आणि आणखी दोनदा म्हटलं, की नाही, नसतंच जमलं.